शिकऱ्याला नवं इंजिन येतंय

नाशिक,
१५ जून २०२५

चि. योगराज,

आशीर्वाद तुला, आणि तुझ्या त्या इंजिनालाही. ते अजून जन्माला यायचं आहे, तरी घरात माझ्यापेक्षा लाडकं आहे.

परवा फोनवर आपण भांडलो तेव्हा आईने तुझ्या हातातून फोन घेऊन जो निकाल दिला, तो मी मान्य केला आहे. "फोनवर भांडू नका, कागदवर भांडा. कागद हाळू चालस." तेव्हा यापुढे पत्रं. मी मास्तरीण आहे, घरात लाल शाई भरपूर आहे, जरा जपून लिही.

मुद्दा असा. तुला नऊ वर्षांपासून हवा असलेला शिकरा, म्हणजे दोनच माणसं बसणारी, जमिनीला पोट घासणारी ती गरिबांची शर्यतीची गाडी, आता बंद होतोय. धुराचे नियम बदलले, जुनं इंजिन त्यात बसत नाही, कंपनीने हात झटकले. सुरतेत एकही उरला नाही हे तूच रडत सांगितलंस. इथल्या शोरूममध्ये शेवटचा एक आहे. लाल. तू माझ्याकडे ठेवलेल्या पैशांतून, माझ्या नावाने, मी तो धरून ठेवलाय. दसऱ्याच्या सुमारास ताब्यात मिळेल.

आता तू म्हणशील, ताई, जरा थांब, नवं इंजिन येतंय. पहिल्या वर्षीही तू हेच म्हणाला होतास. तेव्हा शिकऱ्यात दम नव्हता, टर्बो येणार होता. टर्बो आला तर त्याला तीनच सिलिंडर, आणि तो थरथरतो. मग चार सिलिंडरचा येणार होता. मग विजेची जोड असलेला येणार होता. मधल्या काळात माझी मुलगी पहिलीतून दहावीत गेली. तिने एकदाही म्हटलं नाही की जरा थांबते, पुढच्या वर्षी चांगला अभ्यासक्रम येतोय.

आणि आपल्या मामेभावाच्या, चिंधाच्या लग्नात, भर मांडवात, हिलालमामांना काय म्हणालास ते आठवतं का? "मामा, आईला आता बसने नाही पाठवणार. भाऊबीजेला माझ्या स्वतःच्या गाडीतून आणीन." मामा हसले, आणि पुढची सहा वर्षं स्वतःच एसटीने सुरतेला येऊन ओवाळून घेत राहिले. गेली तीन वर्षं ते अर्धांगवायूने बाजेवर पडून आहेत. आणि आपली आई, सख्खा भाऊ जिवंत असताना, भाऊबीजेच्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायकांनी करायची गोष्ट आहे ती. हे वाक्य मी टोमणा म्हणून लिहिलेलं नाही, तसं वाचू नकोस.

यंदा भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. इंजिनाला कळव.

तुझी,
वर्षाताई


कडोदरा, सुरत,
२९ जून २०२५

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. चुका लाल शाईने गोल करून हे परत पाठवलंस तरी चालेल, पण इंजिनांच्या विषयात तुझा अभ्यास कच्चा आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

"गरिबांची शर्यतीची गाडी" असं तू हिणवून लिहिलंस. अगं, तेच तर शिकऱ्याचं मोठेपण आहे. पैसेवाला परदेशी गाडी मागवतो, अठवालाइन्सवर सिग्नलला उभी करतो आणि काच खाली करून लोकांकडे बघतो. कापडाच्या प्रिंटिंग मिलमधल्या माझ्यासारख्या सुपरवायझरला अशी गाडी आयुष्यात एकदाच घेता येते. एकदाच घ्यायची तर तिच्या पोटात काय आहे, हे बघायला नको? तू भाऊजींना होकार द्यायला अकरा महिने घेतलेस, आणि त्यांना तर टर्बोही नव्हता.

आमचा 'शिकरा परिवार' दर रविवारी हजीरा रोडवरच्या चहाच्या टपरीवर जमतो. अकरा जण आहोत. शिकरा एकाकडेही नाही, त्यामुळे चर्चेत निःपक्षपातीपणा राहतो. माझ्या कानाला तिथे मान आहे. रामदास नावाचा आमचा मित्र माझे डोळे बांधतो, रस्त्यावरून गाडी जाते, आणि मी नुसत्या आवाजावरून इंजिन सांगतो. मागच्या रविवारी फक्त दोनदा चुकलो, आणि त्यातला एक ट्रॅक्टर होता.

असो. तू म्हणतेस तर जुनं तर जुनं. घेऊन टाक. मन मारून हो म्हणतोय, याची नोंद असावी.

आईचं म्हणशील तर तिला काही घाई नाही. मागच्या दिवाळीत मी स्वतः म्हणालो, सुरत-धुळे बसमध्ये बसवून देतो, साक्रीला चिंधा घ्यायला येईल. "नको" म्हणाली आणि मेथी निवडत बसली. म्हातारपणी प्रवास नकोसा होतो माणसाला. तू उगाच चंद्रावर काव्य करतेस. आमच्या गच्चीवर संध्याकाळी हवाही चांगली असते.

तुझा,
योगराज


कडोदरा,
१४ जुलै २०२५

ताई,

सगळी कामं सोड आणि शोरूममध्ये जा. शिकरा रद्द कर. आजच्या आज. कारण खाली लिहितो, पण आधी जाऊन ये.

गाडीच्या कंपन्या नवीन गाडी बाजारात आणण्याआधी रस्त्यावर तिची चाचणी घेतात. तेव्हा कुणाला आकार कळू नये म्हणून तिच्यावर काळी-पांढरी नागमोडी नक्षी चिकटवतात. डोळे गरगरतात बघून. अशी गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळणं म्हणजे आमच्यात देवदर्शन.

काल संध्याकाळी मला ते घडलं. आमच्या मिलला लागून रंग-रसायनांचं गोदाम आहे. पाळी संपवून निघालो तर त्याच्या भिंतीपलीकडे ती उभी. बुटकी, पूर्ण झाकलेली, टोकापासून टोकापर्यंत तीच काळी-पांढरी लहर. मी विटेवर चढून फोटो काढला. आकार अजिबात कळत नव्हता. हाच तर पुरावा.

मग मिलसमोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो, आणि तेवढ्यात भिंतीआडून ती सुरू झाली. ताई, असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. आधी एक भरदार घशातला सूर, मग वरच्या पट्टीत चढत जाणारी फाट. चार सिलिंडर, टर्बो, आणि धुराचा मार्ग नवीन पद्धतीचा. मी पैजेवर सांगतो. धावत गेलो तोवर नुसती धूळ.

हजीरा बंदरात यंत्रं उतरतात, इथून तासाभरावर. कंपनीने सुरत का निवडली असेल ते आता लक्षात आलं असेल.

फोटो मी परिवाराच्या ग्रुपवर टाकला. रामदासने तीनदा नमस्कार पाठवला.

पैसे तुझ्याकडेच राहू दे, नव्या इंजिनाला लागतील.

योगराज


नाशिक,
२३ जुलै २०२५

चि. योगराज,

शोरूममध्ये जाऊन आले. तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं आहे. जुन्या शिकऱ्याचा विषय तू आता मनातून काढून टाक, त्याचं काय करायचं ते मी बघितलं आहे.

"आकार अजिबात कळत नव्हता, हाच तर पुरावा," हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या गणिताच्या सरांनी ते लिहून घेतलं. आता एखाद्या पोराने उत्तरपत्रिका कोरी ठेवली, तर उत्तर नक्षीखाली झाकलेलं आहे असं समजून आम्ही पूर्ण मार्क देणार आहोत.

मला एकच विचारायचं आहे. एवढी गुप्त गाडी, करोडोंचं काम, आणि कंपनीने ती रात्री ठेवायला रसायनांच्या गोदामाची भिंत निवडली, जिच्यावरून विटेवर चढलेला माणूस डोकावू शकतो? असेल बाबा. मोठ्या लोकांची मोठी डोकी.

दिवाळीपर्यंत हे इंजिन येणार आहे का? येणार नसेल तर आईला काय सांगितलंस, ते लिही.

वर्षाताई


कडोदरा,
१८ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

आता मात्र तुला माझी माफी मागावी लागेल. छोटीशी चालेल.

सोबत तीन बातम्या छापून पाठवतोय. पहिली चेन्नईच्या एका वेबसाइटची. 'शिकऱ्याचं नवं इंजिन दक्षिण गुजरातेत चाचणीवर, विश्वसनीय सूत्रांची माहिती.' दुसरी दिल्लीच्या मासिकाची, ते चेन्नईच्या हवाल्याने लिहितात. तिसरी बातमी सगळ्यात भक्कम, कारण ती आधीच्या दोन्ही बातम्यांच्या हवाल्याने आहे. तिघंही म्हणतात चार सिलिंडर, टर्बो. मी विटेवरून उतरून ग्रुपवर जे लिहिलं, तेच शब्दाशब्दाने. माझ्या कानाला देशाने दुजोरा दिलाय.

रामदास म्हणतो दिवाळीत गाडी जाहीर होणार आणि नव्या वर्षात हातात. म्हणजे ही भाऊबीज नाही, पण पुढची शंभर टक्के. आईला हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली. ताई, तू समजतेस तसं तिच्या मनात काही नाही. परवा तर उत्साहाने ओवाळायचं पितळी ताट काढून चिंचेने घासत होती, भर श्रावणात. धनश्रीने, म्हणजे सुनेनेच, विचारलं तर म्हणाली, काळं पडलं होतं. दहीहंडीच्या सुट्टीचा कंटाळा येतो बायकांना, दुसरं काय.

योगराज


नाशिक,
६ सप्टेंबर २०२५

योगराज,

तुझ्या तिन्ही बातम्या वाचल्या. तिन्हींत एकच फोटो आहे. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलंय, आणि त्या बोटावर निळा रंग आहे, जो साबणाने जात नाही. असं बोट असलेला पत्रकार चेन्नईत मिळत असेल, तर माझी काही हरकत नाही. नाहीतर तू गावाच्या विहिरीत स्वतःच दगड टाकलास, आणि आवाज आला तेव्हा आत कुणीतरी आहे म्हणून लोकांना बोलावलंस.

टोमणे इथे संपले. पुढचं नीट वाच.

गणपतीच्या सुट्टीत मी हिलालमामांकडे जाऊन आले. उजवा हात आता अजिबात उचलत नाही. बोलणं कळतं, पण हळू. मी विचारलं, मामा, आई बसने का येत नाही? तुम्ही बोलावत नाही का? तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. मामा स्वतः तिला तीन वर्षांपासून फोनवर सांगतात, "बसमां ये. माले काय तुनी गाडी पहानी शे?" आणि आई दरवेळी एकच उत्तर देते. "मना पोऱ्यानी शबद दिन्हा शे. मी बसमां गऊ ते त्याना शबद पडी जाई."

कळलं का तुला? तिला प्रवास नको झालेला नाही. तू मांडवात चारचौघांसमोर बोललास, ते खोटं पडू नये म्हणून ती भावाला न भेटता बसलीय. तू इंजिनासाठी थांबलास. ती तुझ्या शब्दासाठी थांबली. मेथी निवडत.

आणि ती भर श्रावणात ताट घासते, याचा अर्थ तुला कळला नाही, ट्रॅक्टरचा आवाज कळला नाही तसाच. परत निघताना मामांच्या उंबऱ्याबाहेर मी रडले. मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवत नाही.

वर्षा


कडोदरा,
२८ सप्टेंबर २०२५

ताई,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आता जे लिहितोय ते एकदाच वाच आणि शिक्षकांच्या खोलीत नेऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आईसमोर बसलो. म्हटलं, आई, उद्याच्या बसने चल, मी सोबत येतो. ती म्हणाली, "तुनी गाडी यी ना. येवू दे." म्हटलं, भाड्याची गाडी करतो. तर म्हणाली, भाड्याची काय आपली असते का? आणि वर मलाच समजावलं की इंजिन चांगलं बघूनच घे, घाई करू नको. ताई, ती मला धीर देत होती.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की निदान खरं काय ते शोधायचं. सरळ त्या गोदामात गेलो. नक्षीवाली गाडी तिथेच उभी होती. ड्रायव्हरने चाचणीची गाडी माझ्यासमोर सोलली, म्हणजे नाडी सोडून कव्हर काढलं. आतून निघाली गोदामाच्या मालकाची जुनी पुराणी डिझेल गाडी. रसायनांचा उडालेला रंग बसतो म्हणून त्याने तिला अंगाबरोबर कव्हर शिवून घेतलंय. सुरतेतले शिंपी गाडीलाही ब्लाउज शिवून देतात. आणि तो वरच्या पट्टीत चढत जाणारा सूर? बारडोली रोडच्या गतिरोधकावर तिचा सायलेन्सर फाटलाय. धुराचा मार्ग खरोखरच नवीन पद्धतीचा आहे, तेवढं मी बरोबर ओळखलं होतं.

आता मुख्य गोष्ट. कव्हरचं कापड मी हातात घेतलं. फेब्रुवारीत आमच्या छपाईच्या मशीनचा एक स्क्रीन सरकला होता आणि पांढऱ्या पॉलिस्टरवर काळी लहर वाकडीतिकडी चढली होती. अख्खा माल मी स्वतः नापास केला होता, आणि मालकाला म्हणालो होतो की हे कापड गाढवसुद्धा पांघरणार नाही. तो माल गोदामवाल्याने उचलला. ताई, जगातल्या सगळ्या इंजिनांचे आवाज ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताखालून गेलेलं कापड ओळखता आलं नाही. चेन्नईपासून दिल्लीपर्यंत लोक आमच्या मिलचा रद्दी माल बघून टर्बोचा अंदाज बांधतायत.

ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही. रामदासने त्या फोटोची फ्रेम करून घेतलीय.

तो लाल शिकरा गेला का? शोरूममध्ये परत एकदा विचार. जुनं इंजिन, नवं इंजिन, बिनइंजिनाचा असला तरी ढकलत नेईन. भाऊबीज पंचवीस दिवसांवर आली.

योगराज


नाशिक,
४ ऑक्टोबर २०२५

चि. योगराज,

शोरूममध्ये विचारलं. तिथे शिकरा नाही. दसऱ्याच्या दिवशी एक बाई हार घालून घेऊन गेली म्हणे. मास्तरीण आहे, असं ते सांगत होते. वय तसं झालेलं, गाडीतून उतरताना दरवाजा धरून देवाचं नाव घेत होती.

गाढव पांघरणार नाही असं तू म्हणाला होतास ना? मग गाढवाने विटेवर चढून फोटो काढला. एवढं लिहिल्यावर माझा राग बराच उतरला, खरं सांगते.

वर्षाताई


कडोदरा,
८ ऑक्टोबर २०२५

ती. ताई,

त्या बाईंचा पत्ता मिळव. पाया पडतो. मास्तरीण आहे म्हणजे तुमच्या नाशिकच्या शिक्षकांत कुणीतरी ओळखत असेल. या वयात तिला तो शिकरा काय कामाचा? भाजी आणायला? तिला क्लचही नीट दाबता येत नसेल. मी वर रक्कम देऊन घेतो, नाहीतर भाऊबीजेपुरता तरी मागतो. वाटल्यास तिला सगळी गोष्ट सांग. मास्तरणींना मन असतं, असं ऐकलंय.

काल चंदी पडवा होता, म्हणजे कोजागिरीचा दुसरा दिवस. अख्खं सुरत घारी, ती तुपाने थबथबलेली मिठाई, घेऊन डुमसच्या वाटेला फुटपाथवर चांदण्यात बसलं होतं. आम्हीही आईला घेऊन गेलो. सगळे चंद्राकडे तोंड करून खात होते, आई पाठ करून. धनश्री म्हणाली, आई, बघा तरी किती छान दिसतोय. तर म्हणाली, "पंधरा दिनमां परत भेटनाच शे. आते कसाले?" माझ्या घशाखाली घारी उतरली नाही, आणि घारी न उतरणं म्हणजे काय, ते सुरतेतल्या माणसालाच कळेल.

लवकर लिही.

योगराज


नाशिक,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. योगराज,

बाई भेटली. फारच खडूस आहे. "क्लच नीट दाबता येत नसेल" हे तुझं वाक्य तिला वाचून दाखवलं, ते तिने मनावर घेतलंय. विकणार नाही म्हणते.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी सहाला सोसायटीच्या फाटकाशी उभा राहा. आंघोळ करून. आईला नवं लुगडं नेसव, पितळी ताट फडक्यात बांधून घे, निरांजन आणि तेलाची बाटली विसरू नकोस. का, ते विचारू नकोस. आजवर तू न दिसलेल्या गोष्टींवर भरपूर विश्वास ठेवला आहेस, एकदा माझ्यावर ठेव.

वर्षाताई


कडोदरा,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. ताई,

त्या सकाळी तू माझ्याशी बोलायला फक्त दहा मिनिटं थांबलीस. रात्री वणीच्या घाटातून एकटी गाडी चालवत आलीस, फाटकात मला ओवाळलंस, किल्ली ताटात टाकलीस, "पैसे तुझे, नाव माझं, क्लच दाबून बघितलाय" एवढं म्हणालीस आणि नाशिकच्या बससाठी रिक्षात बसलीस. तू गेल्यावर लक्षात आलं की मी तुला ओवाळणीही घातली नाही. त्या खडूस बाईला मी जे जे लिहिलं होतं, ते तिने माफ करावं.

पुढे काय झालं ते तुला कळायलाच हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आईला आत बसवणं. शिकऱ्याची सीट म्हणजे सीट कमी आणि खड्डा जास्त. धनश्रीने आणि मी तिला दोन्ही खांद्यांना धरून विहिरीत घागर सोडतात तशी आत सोडली. बसल्यावर म्हणाली, "बाकीनी गाडी कथी शे?" म्हटलं, एवढीच आहे. व्यारा मागे टाकेपर्यंत तिने एक हात ताटावर आणि एक हात दारावर घट्ट ठेवला होता. नवापूरनंतर दारावरचा हात सुटला.

कोंडाईबारीच्या घाटात मी गिअर उतरवला आणि पाय दाबला. ताई, त्या जुन्या इंजिनाला मी नऊ वर्षं बिनदमाचं म्हणत होतो. ते असं गायला लागलं की माझ्या अंगावर काटा आला. आई म्हणाली, "आवाज कसाना शे? बिघडनी का?" म्हटलं, नाही आई, इंजिन बोलतंय. "मंग त्याले बोलू दे. तू उगा ऱ्हाय." तेव्हा कळलं की ती तासभर माझं व्याख्यान सहन करत होती.

मामांच्या दारात पोचलो आणि खरी अडचण झाली. आई बाहेरच निघेना. गुडघे त्या खड्ड्यातून उचलेनात. मी ओढलं, चिंधाने ओढलं, ती कळवळली. आत मामा बाजेवर, बाहेर आई गाडीत, मधे दहा पावलांचं अंगण. तेवढं अंतर पार करायला मी नऊ वर्षं लावून शेवटी ही गाडी आणली होती. मला स्वतःचं तोंड बघवेना. अंगणात गर्दी जमली होती आणि कुणीतरी म्हणत होतं, एवढ्या पैशात जीप आली असती.

तेवढ्यात आतून मामांचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "ऊनी का वं मंगला?" आणि मग चिंधाला म्हणाले, "माले बाहेर ने."

चौघांनी बाज उचलली आणि गाडीच्या उघड्या दाराला लावून ठेवली. आणि ताई, शिकऱ्याची सीट आणि मामांची बाज एकाच उंचीची निघाली. नेमकी. जीप असती तर आई वर राहिली असती आणि मामा खाली. इथे दोघं समोरासमोर आले, डोळ्याला डोळा. आईने फडकं सोडलं, चिंधाने निरांजन लावलं, आणि तिने गाडीत बसल्या बसल्या भावाला ओवाळलं. त्या खड्ड्यातून तिला ताट फिरवता येईना, म्हणून मी खालून हात लावला. मामांनी डाव्या हाताने तिच्या ताटात सुपारी टाकली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नऊ वरीस? पायी निंघती ते लवकर पोचती." सगळं अंगण हसलं. आई हसली, आणि मग रडली, आणि मामांचा हात धरून बराच वेळ बसून राहिली. जेवणाचं ताटही तिने तिथेच मागवलं. इतकी वर्षं मी या गाडीचं कौतुक करतोय, पण ती बुटकी आहे याचं कौतुक मला कधी सुचलं नव्हतं.

बाकी बातम्या. शनिवारी कंपनीने खरंच जाहीर केलं, पुढच्या वर्षी शिकऱ्याला नवं इंजिन येतंय. चार सिलिंडर, टर्बो. रामदासचा फोन आला की तू द्रष्टा आहेस. त्याला खरं सांगून टाकलं. तो म्हणाला की फ्रेम तशीच ठेवतो. काल टपरीवर शिकरा घेऊन गेलो. अकरा जणांच्या चर्चेतला निःपक्षपातीपणा गेला. नवं इंजिन कसं असेल असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चांगलं असेल, मला काय करायचंय. एवढं बोलायला मला थोडा त्रास झाला, ते तुझ्यापासून लपवत नाही.

गाडीला कव्हर शिवून घेतलंय. कापड तेच, फेब्रुवारीचं. भिंतीवरून कुणी फोटो काढला तर आता बातमी निदान खऱ्या शिकऱ्याची असेल. सोबत दुसरी किल्ली पाठवतोय, ती ओवाळणी समज.

आणि एक सांगायचं राहिलं. परत येताना घाट उतरत होतो, सूर्य नुकताच गेला होता. समोर, काचेच्या बरोबर मधोमध, बीजेची कोर होती. मी गाडी हळू केली. तीन वर्षं ती आमच्या गच्चीवरून बघतोय, पण कधी नीट बघितली नव्हती. मला वाटलं आईला झोप लागलीय. ती जागी होती, मांडीवर रिकामं ताट घेऊन, समोर बघत. थोड्या वेळाने तिने दोन्ही हात जोडले आणि त्या कोरीला म्हणाली,

"औंदा तुले सुट्टी रे बाबा. मना भाऊ माले भेटना."

तुझा,
योगराज